घोट्यामागची नाडी

ह्यांच्या मशीनचा आवाज मला चुलीपाशी बसूनही कळतो. शिलाई सरळ चालली आहे की गोल, दोरा तुटला की बॉबीन संपली, सगळं. आमचं शिलाईचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. समोरून सोलापूरचा मोठा रस्ता जातो. ट्रक गेला की वरचा पत्रा थरथरतो, पण त्या आवाजातूनही मी मशीनचा आवाज वेगळा काढू शकते. तीस वर्षांची सवय आहे.

दिवाळीच्या आधी दुकानात गर्दी असते. उसाच्या टोळ्या कारखान्याकडे निघायच्या असतात, आणि त्या बायकांना सहा महिन्यांचे झंपर-परकर निघण्याआधी हवे असतात. त्या गर्दीतच मला कळलं की मशीन अडखळतंय. एक बाही होईपर्यंत चालायचं आणि थांबायचं. पूर्वी हे अख्खा परकर एका दमात ओढायचे.

मी आतूनच विचारलं, "दोरा तुटला का?"

"व्हय. औंदा दोराच कच्चा आलाय."

पण दोरा तुटला की मशीन एकदोन फेरे मोकळं, हलकं पळतं आणि मग थांबतं. हे तसं थांबत नव्हतं. मी दारातून डोकावले. हे डाव्या पायाची पोटरी दोन्ही हातांनी दाबून बसले होते. मला पाहताच हात काढले आणि समोरच पडलेली कात्री शोधायला लागले. मी परत आत आले. काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण माझ्या तोंडातून शब्द वेळेवर निघत नाही, हे लहानपणापासूनचं आहे.

पाडव्याला ओवाळून झालं की मी ह्यांच्या पाया पडते. आमच्या घरात नुसता हात लावून भागत नाही, कपाळ अंगठ्यांना टेकवायचं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, लग्नातच तसं शिकवलं होतं. त्या पाडव्याला उजवा अंगठा कपाळाला कोमट लागला आणि डावा गार. थंडीची सकाळ म्हणावी, तर दोन्ही गार असायला हवे होते. डाव्या अंगठ्याच्या कडेला नव्या चपलेनं सोललेलं होतं, ते दसऱ्यापासून तसंच ओलं होतं. मी कपाळ जरा जास्त वेळ टेकवून ठेवलं.

"उठ की," हे म्हणाले. "किती आशीर्वाद घेशील? संपलं आता."

आत्याबाई हसल्या. मी उठले, पण त्या वेळी गप्प बसवेना. ताट ठेवायला आत गेले तेव्हा आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मशीन हानून हानून रगत धरलं आसंल. इट तापव, शेक दे."

मी वीट तापवली, फडक्यात गुंडाळली, ह्यांच्या पायाखाली ठेवली. ह्यांना ती गरम लागेचना. "आजून तापव," म्हणाले. माझ्या हाताला तर ती सोसत नव्हती. वीट उचलून अंगणात नेऊन ठेवली आणि परत शेक दिला नाही.

गावातल्या डॉक्टरांनी आठ दिवस मलमपट्टी केली. मग ते म्हणाले, "हे मलमाचं काम नाही. नगरला दाखवा, पायात रक्त कमी येतंय."

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, आमच्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी ह्यांना उताणं झोपवलं, लेंगा गुडघ्याच्या वर सारायला लावला आणि आधी काही न करता दोन्ही पाय नुसते बघत राहिल्या. मीही बघितले. डाव्या पोटरीवरचे केस गेले होते, कातडी मेणकापडासारखी चकचकीत झाली होती. मी रोज त्याच घरात राहते आणि मला ते दिसलं नव्हतं. मग त्यांनी हाताची मागची बाजू गुडघ्यापासून खाली बोटांपर्यंत फिरवली, आधी उजव्या पायावर, मग डाव्या. मला पाडव्याचं कपाळ आठवलं. अंगठ्याचं नख दाबून सोडलं. उजव्याचं लगेच लाल झालं. डाव्याचं पांढरंच राहिलं, आणि हळूहळू, नाइलाज झाल्यासारखं, रंगावर आलं.

नंतर त्या नाडी शोधू लागल्या. पायालाही नाडी असते हे मला तोवर माहीत नव्हतं. पावलावर, घोट्याच्या मागे, गुडघ्याच्या खोबणीत. जांघेत बघायची वेळ आली तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं. उजव्या पायाचं पटकन झालं. डाव्या पावलावर त्यांची बोटं कितीतरी वेळ इकडेतिकडे सरकत होती.

ह्यांना गप्प राहवत नाही. "डॉक्टरीणबाई, काय हरवलं काय?"

"हो काका. तेच शोधते. बिडी ओढता?"

"कंदी तरी."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तेवढ्यावरून त्यांना कळलं.

मग त्यांनी पायाला गार चिकट मलम लावून पेनासारखं एक यंत्र टेकवलं. त्यातून रक्ताचा आवाज ऐकू येतो. उजव्या पायाचा आवाज चांगला खणखणीत, जोरात फुसफुस. डाव्या घोट्यामागे बारीकसा, लांबून वारा यावा तसा. मी मनात म्हटलं, हे मशीन तर अडखळतंय.

त्यांनी ह्यांना समजावून सांगितलं, न घाबरवता पण काही न लपवता. तंबाखूनं आणि रक्तात वाढलेल्या साखरेनं पायाच्या नळ्या चोंदल्या आहेत. बिडी आजपासून बंद. गोळ्या रोज. पोटरी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं. पंधरा दिवसांनी यायचं. पावलावरची नाडी लागत नाहीये, पण घोट्यामागची बारीक का होईना लागतेय, तिच्यावर पाऊल तगलं आहे. ती गेली, किंवा अंगठा काळा पडला, तर त्याच दिवशी यायचं. उशीर झाला तर अंगठा काढावा लागेल, कदाचित पाऊलही.

हे आपल्या डाव्या पावलाकडे बघत होते. मुलीनं मागेच सांगितलं होतं, मशीनला मोटर लावा. ह्यांनी लावू दिली नव्हती. म्हणतात, शिलाई हातात नसती, पायात असती.

डॉक्टरीणबाईंनी निळ्या पेनानं घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागे, एक फुली काढली आणि मला जवळ बोलावलं. "मावशी, काका स्वतः बघणार नाहीत. तुम्ही रोज सकाळी बघायची. वहीत लिहायचं, लागली की नाही." त्यांनी माझा हात धरला आणि बोटं त्या फुलीवर ठेवली. "अशी तीन बोटं. हलकेच."

ह्यांचा उघडा पाय, वरून डॉक्टरीणबाईंचा हात, शेजारी सिस्टर बघत उभी. दिवसाउजेडी परक्या माणसांपुढे नवऱ्याच्या अंगाला मी कधी हात लावलेला नाही. कानात नुसता गरम आवाज भरला होता. बोटांना काहीच कळलं नाही.

"लागली?"

"हो," मी म्हणाले.

लाजेनं तोंडातून निघून गेलं. एवढंच झालं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी चहाच्या वेळी हे ओट्यावर बसायचे आणि डावा पाय माझ्या मांडीवर द्यायचे. तीन बोटांनी मला काही लागेना. मग मी हाताचा अंगठा लावला. आत्याबाईंचे पाय मी रोज चेपते, ते अंगठ्यानंच. अंगठ्याला माझ्या जोर आहे, आणि पायाला हात लावायचा म्हणजे चेपायचं, एवढंच मला माहीत. फुलीवर अंगठा रोवून दाबला, आणि लागली. ठक, ठक, ठक. अगदी स्पष्ट. मला इतका आनंद झाला की दवाखान्यातलं खोटं त्यात विरघळून गेलं. म्हटलं, तेव्हा घाबरले होते म्हणून कळलं नसेल.

वहीत लिहिलं, लागली. चौथीनंतर लिहायचं काम फारसं पडलं नाही, तरी तो शब्द मी सुबक काढला.

आत्याबाई आतून बघायच्या. "अगं बाई, आता रोजच पाडवा हाय का?"

"आये, माजी पूजा चाललीय. तू मदी बोलू नगं," हे म्हणायचे.

"पूजा करून घ्यायला थोबाड तरी धू आदी."

खरं सांगायचं तर ते दिवस मला आवडत होते. तीस वर्षांत ह्यांचा पाय इतका वेळ माझ्या हातात कधी नव्हता. तळव्याला पायडलच्या जाळीचे घट्टे आहेत, चौकोन चौकोन. करंगळीचं नख दुभंगलेलं आहे. पेनची फुली आंघोळीनं पुसायची, ती मी रोज परत काढायची. हे वरून विचारायचे, "हाय का?" मी म्हणायची, "हाय."

चारपाच दिवसांनी कडुनिंबाच्या मागून बिडीचा वास आला. मी जाऊन उभी राहिले. ह्यांनी बिडी पाठीमागे धरली.

"एकच," म्हणाले. "तूच म्हनतीस नाडी जोरात हाय. मंग एका बिडीनं काय हुतंय?"

मी परत चुलीपाशी आले. दुसऱ्या दिवशी चालणंही बुडालं. नाडी जोरात होती ना.

अकराव्या दिवशी सकाळी शेळी दावं तोडून रस्त्यावर पळाली. ट्रक येत-जात होते. मी पदर खोचून मागे धावले, पार पलीकडच्या वावरातून तिला ओढून आणली. धापा टाकत ओट्यावर टेकले, तर हे पाय लांब करून तयारच.

"या, उरकून घ्या पूजा."

मी अंगठा लावला. नाडी सुसाट पळत होती.

"हाय का?"

"हाय. आज लई पळतीय."

"बग. घोड्यावानी पाय झाला."

हे बशीतल्या चहावर निवांत फुंकर घालत होते. मी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं. धावले मी आणि नाडी ह्यांची का पळावी? मी अंगठा तसाच ठेवून बसले. माझा श्वास खाली बसत गेला, तशी अंगठ्याखालची नाडीही हळू हळू होत गेली. अगदी माझ्याबरोबर.

मी उठून दुकानात गेले. मशीनच्या फळीवर अंगठा रोवून दाबला. आधी काही नाही. मग ठक, ठक, ठक. लाकडाला नाडी लागली. पिठाच्या डब्याला लावला, तिथंही लागली. मी डब्यापाशीच खाली बसले.

दहा दिवस मी वहीत माझंच जिवंत असणं लिहिलं होतं. ह्यांच्या पायात काय चाललंय ते कुणालाच माहीत नव्हतं.

न सांगताही चाललं असतं. पंधरा दिवसांना चारच राहिले होते. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं असतं आणि म्हटलं असतं, आता नाडी गेली, आणि मी मान खाली घालून उभी राहिले असते, नेहमीसारखी. हा विचार माझ्या मनात आला, तो लपवत नाही. पण त्याच वेळी बाहेर मशीन सुरू झालं. एक बाहीसुद्धा पुरी झाली नाही. थांबलं.

मी दुकानाच्या दारात गेले. एक बाई माप द्यायला आली होती, ती जाईपर्यंत उभी राहिले.

"अहो."

"काय गं? शेळी परत सुटली काय?"

"न्हाई. ती नाडी तुमची न्हवती."

"मंग कुनाची?"

"माजी. अंगठ्याची. फळीला लावला तरी लागती."

ह्यांनी स्वतःचा अंगठा मशीनच्या फळीवर दाबला आणि तसेच बसले. मला वाटतं त्यांनाही लागली असावी.

"आन् त्या दिशी, दवाखान्यात?"

"तवाबी लागली न्हवती. मला लाज वाटली. मी व्हय म्हनले."

ह्यांचा राग म्हणजे गप्प बसणं. एकदा बसले की दोन दोन दिवस. मी चौकट धरून उभी होते. ह्यांनी खाली वाकून डावा अंगठा पाहिला. जखमेची कड काळसर झाली होती. रोज पट्टीखाली होती, मी नाडीच्या नादात तिच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. मग हे उठले, मशीनवर कापड टाकलं, आणि खिशातला बिडीचा कट्टा काढून माझ्या हातावर ठेवला.

"ह्यो चुलीत घाल. आन् पिशवी भर."

"आत्ता?"

"आत्ताच. अकरा दिस माज्या पायात तू पळतीयास. दमली आसशील."

मला हसू आलं आणि त्याच तोंडानं रडू आलं. आत्याबाई बाहेर आल्या. त्यांना सगळं सांगायला वेळ नव्हता, पण त्यांना कळलं असावं. त्यांनी माझ्या हातात भाकरीचं फडकं दिलं आणि म्हणाल्या, "दोन पाय घिऊन चाललीयास. दोन पाय माघारी आन."

एसटीत जागा मिळाली. सगळी वाट मी मनात एकच वाक्य जुळवत होते. दवाखान्यात आत गेल्या गेल्या, कुणी काही विचारायच्या आधी, ते म्हणून टाकलं. "मी खोटं बोलले. मला त्या दिवशी नाडी लागली नव्हती, आणि नंतर मी माझीच मोजली." वहीही पुढे केली.

डॉक्टरीणबाईंनी वही घेतली, पानं पाहिली. रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मावशी, शिकत असताना मीसुद्धा आमच्या सरांना कितीदा तरी माझीच नाडी सांगितली आहे. फक्त मी ती चूक स्वतः येऊन सांगितली नाही. सरांनी पकडली." मग त्या लगेच पायाकडे वळल्या. बोटं घोट्यामागे ठेवली. सरकवली. परत ठेवली. ते पेनासारखं यंत्र लावलं. मागच्या वेळी लांबचा वारा तरी होता. या वेळी आम्ही सगळे श्वास धरून ऐकत होतो आणि नुसतीच खरखर येत होती.

"आज इथंच राहायचं," त्या म्हणाल्या. "उद्या जांघेतून बारीक नळी घालून रस्ता मोकळा करू. अंगठ्याचं टोक जाईल बहुतेक. पाऊल वाचवायचं बघू. आज आलात म्हणून बघू असं म्हणता येतंय."

ह्यांनी मान हलवली. डोळे छताकडे होते. सिस्टर दुसरीकडे वळली तेव्हा ह्यांनी चादरीखालून माझा हात धरला. अंगठाच धरला, मुठीत.

दुसऱ्या दिवशी नळी घालून झाल्यावर दुपारी मला आत बोलावलं. हे झोपले होते, डोळे उघडे. डाव्या घोट्यापाशी निळी फुली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मला काय लागतंय ते मी सांगणार नाही. तुम्ही बघा. अंगठा नाही. तीन बोटं, पाखराला धरल्यासारखी. दुसरा हात स्वतःच्या गळ्याला लावा. दोन्ही एका चालीनं चालली तर ती तुमची. वेगळी चालली तर काकांची. लागली नाही तर नाही म्हणायचं. नाही म्हटलेलं मला चालतं."

मी डोळे मिटले. गळ्याला माझी लागली, घाबरीघुबरी. बोटांखाली काही नाही. मी थांबले. सिस्टर होती, दुसरा एक डॉक्टर होता, सगळे बघत असणार. मी थांबलेच. मग मधल्या बोटाखाली, कापडाच्या दुसऱ्या बाजूनं कुणी बोट टेकवावं तसं काहीतरी झालं. परत झालं. माझी दुडकी चालत होती आणि हे सावकाश, आपल्या मर्जीनं येत होतं. माझ्या चालीत चाल न मिळवता.

"लागली का?" हे विचारत होते. "अगं, बोल की."

मी बोटं तशीच ठेवून मान डोलावली. या वेळी लाजून नव्हे.

अंगठ्याचं टोक गेलं. पाऊल राहिलं. जखम भरायला दोन महिने लागले. गुढीपाडव्याला मी पाया पडले तेव्हा कपाळाला दोन्ही पाय सारखे उबदार लागले. डावा अंगठा आखूड झाल्यामुळे कपाळ थोडं तिरकं करावं लागतं, एवढाच फरक. आत्याबाई बघत होत्या. "झालं समाधान?" म्हणाल्या, आणि डोळे पुसायला आत गेल्या.

मशीन आता चालतं. परकर एका दमात नाही, पण अर्धा होतो. संध्याकाळी हे पुलापर्यंत चालून येतात. बिडीचा वास मी अधूनमधून हुंगून बघते, अजून तरी आलेला नाही.

वही तीच आहे. पहिल्या दहा पानांवर खोटं 'लागली' लिहिलेलं आहे. ती पानं मी फाडली नाहीत. हे सगळं मी तिच्याच मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे, दुपारी, हे जेवून जरा पडतात तेव्हा.

सकाळी ह्यांचा पाय मांडीवर असतो. तीन बोटं फुलीवर, दुसरा हात माझ्या गळ्याशी. हे चहा पिताना विचारतात, "हाय का?"

"थांबा जरा," मी म्हणते.

चहा निवतो. "हाय का न्हाई?"

"थांबा म्हनलं ना."